एका पडेल तबकडीचे एक लाख पौंड

२०२० साली इंग्लंडमध्ये सात इंच व्यासाची एक जुनी तबकडी एक लाख पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास एक कोटी रुपयांना विकली गेल्याची बातमी आली, तेव्हा पुष्कळांनी ती श्रीमंतांच्या विक्षिप्त छंदांच्या खात्यात जमा करून सोडून दिली. ती तबकडी बीटल्सची नव्हती आणि एल्व्हिस प्रेस्लेचीही नव्हती. फ्रँक विल्सन या, गायक म्हणून स्वतःच्या देशातही फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या माणसाचे 'डू आय लव्ह यू' हे गाणे तिच्यावर होते. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने १९६५ च्या सुमारास त्याच्या अडीचशेच्या आसपास नमुना प्रती काढल्या आणि गाणे दुकानात पोहोचण्याआधीच मागे घेतले. प्रती नष्ट करण्यात आल्या. त्यांतून निसटलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या. २००९ मध्ये याच गाण्याच्या प्रतीला लिलावात २५,७४२ पौंड आले होते. अकरा वर्षांत भाव जवळपास चौपट झाला.

आपल्या काळात ज्याला एकही गिऱ्हाईक मिळाले नाही, त्या गाण्याला अर्धशतकानंतर घराची किंमत का यावी? 'दुर्मिळ आहे म्हणून' हे उत्तर अपुरे आहे, कारण जगात दुर्मिळ आणि कवडीमोल अशा वस्तूंचा तोटा नाही. खरे उत्तर शोधायला दोन ठिकाणी जावे लागते: साठच्या दशकातील अमेरिकेच्या औद्योगिक शहरांत, आणि सत्तरच्या दशकातील उत्तर इंग्लंडच्या नाचघरांत. या दोन ठिकाणच्या माणसांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडली. त्यांच्यामध्ये होती ती फक्त तबकडी.

सोल संगीत, आणि ते इतके वाया कसे गेले

सोल हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचे लोकप्रिय संगीत. चर्चमध्ये देवाला आळवण्याची जी पद्धत होती तीच गळ्याची फिरत, तोच आवेग आणि तोच समूहाचा प्रतिसाद प्रेमगीतात आणला गेला, आणि त्याला ऱ्हिदम अँड ब्लूजच्या ठेक्याची जोड मिळाली. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये डेट्रॉइटला मोटाउनची स्थापना केली आणि या संगीताला एक नेटका साचा दिला. चारही मात्रांवर ठासून पडणारा ठोका, टँबोरिनची खळखळ, मागे पितळी वाद्ये आणि व्हायोलिने, आणि अडीच-पावणेतीन मिनिटांत आटोपणारे गाणे. शब्द बहुधा विरहाचे, फसवणुकीचे, परत ये म्हणून केलेल्या विनवणीचे. चाल मात्र पाय थिरकवणारी. दुःख सांगता सांगता नाचायला लावणारा हा विरोधाभास पुढे इंग्लंडमध्ये फार महत्त्वाचा ठरला.

मोटाउनच्या यशाने डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस अशा शहरांत शेकडो लहान कंपन्या उभ्या राहिल्या. तबकडी काढणाऱ्या अशा कंपनीला 'लेबल' म्हणतात. कित्येक लेबले म्हणजे एखादा दुकानदार किंवा गाडीविक्रेता, त्याचा ओळखीचा संगीतकार आणि उधारीवर मिळालेले काही तासांचे स्टुडिओ, एवढाच कारभार होता. शेजारपाजारच्या होतकरू गायकाकडून दोन गाणी गाऊन घ्यायची, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या छोट्या तबकडीच्या दोन बाजूंवर ती छापायची आणि काही शे प्रती रेडिओ केंद्रांकडे धाडायच्या. रेडिओसाठी काढलेल्या या नमुना प्रतीला 'डेमो' आणि दुकानात विकायच्या प्रतीला 'इश्यू' म्हणत. रेडिओने उचलले नाही, की खेळ तिथेच संपे. उरलेला माल गोदामात पडे, घाऊक व्यापाऱ्याला मातीमोलाने जाई किंवा कचऱ्यात. रेडिओच्या वेळापत्रकात जागा मोजकी आणि उमेदवार हजारो, त्यामुळे उत्तम गाणीही केवळ नशिबाने बुडाली. आजच्या कानांनी ऐकताना यांतली कित्येक गाणी त्याच आठवड्यात गाजलेल्या गाण्यांपेक्षा तसूभरही कमी वाटत नाहीत. काही तर सरस वाटतात.

साठचे दशक संपता संपता अमेरिकेतील अभिरुची बदलली. ठेका जड झाला, फंक हा नवा प्रकार आला, गाणी लांबली. वेगवान, उमद्या चालीचे ते सोल तिथे जुने झाले आणि कोणी नव्याने करीनासे झाले. नेमके ह्याच वेळी समुद्रापलीकडे त्याची भूक वाढत होती.

उत्तरेकडची मुले

डेव्ह गॉडिन हे ब्रिटनमध्ये मोटाउनची बाजू हिरिरीने मांडणारे लेखक आणि लंडनच्या 'सोल सिटी' या तबकड्यांच्या दुकानाचे एक चालक. फुटबॉलच्या सामन्यांसाठी लंडनला येणारी उत्तरेकडची मुले त्यांच्या दुकानात डोकावत आणि अमेरिकेत सध्या गाजणारे नवे फंक बाजूला सारून दोन-चार वर्षांपूर्वीचे वेगवान सोलच मागत. गॉडिन यांनी दुकानातील माणसांना सोयीसाठी सांगून ठेवले की या गिऱ्हाइकांना त्यांचे 'नॉर्दर्न सोल' ऐकवा, नव्या मालावर वेळ घालवू नका. ही १९६८ ची गोष्ट. १९७० मध्ये 'ब्लूज अँड सोल' मासिकातील आपल्या सदरात त्यांनी हे नाव छापील केले आणि ते चिकटले. नावातली 'उत्तर' इंग्लंडची आहे. गाणी गाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मँचेस्टर किंवा विगन ही नावेही तोवर ऐकली नसावीत.

मँचेस्टरचे नाव आपल्याकडे कापडामुळे परिचित आहे. गिरण्या, कोळशाच्या खाणी, कारखाने आणि मातीची भांडी भाजणाऱ्या भट्ट्या यांवर जगणाऱ्या या पट्ट्यात सत्तरच्या दशकात कामगारांची तरुण मुले आठवडाभर यंत्रापुढे उभी राहत आणि शनिवारी रात्री नाचायला बाहेर पडत. मँचेस्टरचा 'ट्विस्टेड व्हील' हा क्लब साठच्या दशकात या प्रकाराचे पहिले मोठे केंद्र होता. तो १९७१ मध्ये बंद पडला. त्यानंतर स्टोक-ऑन-ट्रेंटच्या टनस्टॉल भागातील 'गोल्डन टॉर्च' पुढे आला. १९७३ मध्ये त्याचाही परवाना गेला, आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरला विगन शहरातील 'विगन कसिनो' या जुन्या नृत्यगृहात रात्रभराचे कार्यक्रम सुरू झाले. नावात कसिनो असले तरी त्याची ख्याती जुगाराची नव्हती. ते नाचघर होते.

विगनची रात्र

रात्रभर चालणाऱ्या अशा नाचाला 'ऑल-नायटर' म्हणतात. विगनला शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर दारे उघडत आणि रविवारी सकाळी आठला शेवटचे गाणे होई. दारू मिळत नसे. मुले दूरदूरच्या गावांहून बसने, रेल्वेने, रस्त्यावर गाडी अडवून येत. प्रत्येकाच्या खांद्याला एक पिशवी असे: तीत बदलायचा सदरा, टॉवेल आणि टाल्कम पावडरचा डबा. पिशवीवर आणि कपड्यांवर शिवलेल्या कापडी बिल्ल्यांवर उंचावलेली काळी मूठ आणि 'श्रद्धा सोडू नका' अशा अर्थाचे घोषवाक्य असे. ती मूठ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीतून आलेली होती.

पावडर चेहऱ्याला लावण्यासाठी नसे. मेपलच्या फळ्यांच्या जमिनीवर ती भुरभुरायची, म्हणजे चामडी तळव्याचा बूट अडखळत नाही आणि गिरकी पुरी होते. हा नाच जोडीने करायचा नसतो. प्रत्येक जण आपल्यापुरत्या दोन-तीन फुटांच्या जागेत बाजूला सरकत राहतो, ठेक्याच्या खास जागी सगळे सभागृह एकदम टाळी देते, आणि गाण्यातला वाद्यांचा तुकडा आला की जे चांगले नाचतात ते गिरक्या घेतात, पाठीवर झोकून देऊन हातावर तोलत पुन्हा उभे राहतात, पाय डोक्याच्या वर झुगारतात. पाय मोकळे हलावेत म्हणून विजारी घोळदार. घामाने भिजलेल्या गर्दीत कोणी कोणाकडे पाहत नाही, आणि तरी प्रत्येकाला दुसऱ्याचा नाच बरोबर ठाऊक असतो.

या चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. मद्याशिवाय सकाळपर्यंत नाचण्याची ताकद पुष्कळांना अँफेटामिनच्या गोळ्यांतून मिळत होती. औषधांची दुकाने फोडली जात, पोलीस मागावर असत, आणि 'टॉर्च' बंद पडण्यामागेही अमली पदार्थांचेच कारण होते. काही तरुणांनी त्यापायी प्राण गमावले. आज या काळाच्या आठवणी सांगताना हा भाग हळूच गाळला जातो. तो गाळू नये असे मला वाटते.

कार्यक्रमाच्या मध्यवर्ती असणारा माणूस म्हणजे डीजे. आजच्या डीजेसारखी गाण्यात गाणे मिसळण्याची कला इथे अपेक्षित नाही. तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत, आहे त्या वेगात वाजवायची, गायकाचे नाव सांगायचे, पुष्कळदा लेबलही, आणि पुढची लावायची. त्याची सारी कर्तबगारी निवडीत आणि संग्रहात. बाजाराची गणिते इथून सुरू होतात.

संपलेल्या साठ्याची भूक

कोणत्याही नाचघराला नवी गाणी लागतात. दर शनिवारी तीच ती गाणी लावली तर गर्दी दुसरीकडे वळते. पण नॉर्दर्न सोलच्या प्रेक्षकाला जे हवे होते ते अमेरिकेत तयार होणे थांबले होते. तेव्हा 'नवे' गाणे याचा एकच अर्थ उरला: ज्याचा कोणाला पत्ता लागलेला नाही असे जुने गाणे. गाजलेली गाणी सर्वांना आधीच माहीत होती. म्हणजे शोध घ्यायचा तो पडलेल्यांचाच. अमेरिकन रेडिओने ज्या गाण्यांना नाकारले त्यांचा ढीग हीच आता खाण झाली.

ही खाण खणायला माणसे खरोखरच अमेरिकेत गेली. ब्लॅकपूल मेका या नाचघराच्या 'हायलँड रूम'मध्ये तबकड्या लावणारे इयन लेव्हाइन तरुणपणी कुटुंबाबरोबर मायामीला सुटीला जात आणि तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून हजारोंनी तबकड्या आणत. विगनचे रिचर्ड सर्लिंग यांनीही अमेरिकेच्या वाऱ्या केल्या. याशिवाय अमेरिकेतला न खपलेला माल इंग्लंडचे आयातदार घाऊक भावाने उचलत आणि तो बाजारातल्या हातगाड्यांवर येई. जहाजाचा तोल राखण्यासाठी तळाशी तबकड्या भरून आणत, अशी एक आख्यायिका या वर्तुळात मोठ्या आवडीने सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, ढीग केवढा होता याची कल्पना तिच्यावरून येते.

शोधलेले गाणे हाती आले की ते जपणे ओघाने आले. एखादी तबकडी केवळ माझ्याकडे असेल, तर ती ऐकायला माणसे माझ्याच क्लबात येतील. म्हणून डीजे तबकडीच्या मधली नाव छापलेली चकती (तिलाही लेबलच म्हणतात) कागद चिकटवून झाकत आणि गाण्याला खोटे नाव, गायकाला खोटी ओळख देत. याला 'कव्हर-अप' म्हणतात. आपल्याकडे जुन्या खाँसाहेबांबद्दल ज्या गोष्टी सांगतात, की ठेवणीतली चीज दुसऱ्या घराण्याचा माणूस मैफिलीत दिसला तर गायचीच नाही, किंवा गायची तरी अस्ताई-अंतरा धड कळू द्यायचा नाही, त्याच जातीची ही लपवाछपवी होती. फ्रँक विल्सन यांचे गाणे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पोहोचले तेव्हा तेही काही काळ 'एडी फॉस्टर' या दुसऱ्याच गायकाच्या नावाने वाजत होते.

या गुपिताला आयुष्य मात्र मर्यादित असे. गाणे लोकप्रिय झाले, की मूळ हक्क असलेली कंपनी जागी होऊन ते पुन्हा छापी. 'द टॅम्स' या गायकवृंदाचे 'हे गर्ल डोन्ट बॉदर मी' हे १९६४ चे गाणे १९७१ मध्ये ब्रिटनच्या विक्री-यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आर. डीन टेलर यांचे १९६७ मध्ये पडलेले 'देअर्ज अ घोस्ट इन माय हाउस' १९७४ मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा विजय होता. डीजेच्या दृष्टीने ते गाणे संपले, कारण आता ते कोपऱ्यावरच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळत होते. मग त्याहून दुर्मिळ काही शोधणे भाग पडे. मागणी वाढत जाई, साठा एका तबकडीनेही वाढत नसे, आणि शोध दरवर्षी अधिक खोल ढिगात जाई. किमतींचा सारा चढ या रेट्यातून आला.

याच रेट्याने या समाजात फूटही पाडली. जुन्या साठ्याला मर्यादा आहे हे ओळखून लेव्हाइन आणि त्यांचे सहकारी कॉलिन कर्टिस यांनी ब्लॅकपूलला १९७३ च्या 'द कारस्टेअर्स'सारख्या समकालीन तबकड्या वाजवायला सुरुवात केली. विगनचा कल साठच्या दशकातील वेगवान ठेक्याकडेच राहिला. वाद इतका पेटला की 'लेव्हाइन चालते व्हा' अशा अर्थाचे बिल्ले निघाले. आज पाहता लेव्हाइन यांचे निदान बरोबर होते. पण नाचणाऱ्यांना निदान नको होते, ठेका हवा होता.

दुर्मिळ ते सारे महाग असते का?

नसते. एखाद्या तबकडीच्या दहाच प्रती उरल्या असतील, पण गाणे नाचण्याजोगे नसेल, तर संग्राहक तिला हातही लावत नाहीत. अमेरिकेत पडणे ही पहिली अट. इंग्लंडच्या नाचघरांच्या फरशीवर उभे राहणे ही दुसरी. किंमत दोन्ही अटी पुऱ्या झाल्यावरच येते.

पुढे मात्र एक वळण असे येते की नवख्या माणसाची मती गुंग व्हावी. डॅरेल बँक्स यांचे 'ओपन द डोअर टु युअर हार्ट' हे १९६६ मध्ये अमेरिकेत चांगले खपलेले गाणे. त्याची 'रेव्हिलॉट' लेबलची अमेरिकन प्रत आजही सहज परवडते. ब्रिटनमध्ये ते 'लंडन' या लेबलवर निघणार होते, परंतु हक्क 'स्टेटसाइड' या दुसऱ्या लेबलकडे गेल्याने लंडनची आवृत्ती मागे घेतली गेली. त्या मागे घेतलेल्या आवृत्तीची विक्रीसाठी छापलेली एक प्रत २०१४ मध्ये उजेडात आली आणि लिलावात १४,५४३ पौंडांना गेली. गाणे तेच, गळा तोच, ध्वनिमुद्रणही तेच. फरक मधल्या कागदी चकतीचा. एरवी मी या छंदाची बाजू घेतो, पण इथे संगीत मागे पडून तिकिटे जमवण्याचा खेळ सुरू होतो, हे मान्य करायला हवे. फ्रँक विल्सन यांची गोष्ट निराळी आहे: तिथे गाणे त्या मोजक्या प्रतींवरूनच जगापुढे आले.

अस्सल कशी ओळखतात

भाव चढले की नक्कल येतेच. परवानगीवाचून छापलेल्या प्रतीला 'बूटलेग' म्हणतात, आणि सत्तरच्या दशकातच उत्तर इंग्लंडमध्ये त्यांचा सुळसुळाट झाला होता. म्हणून मुरलेला संग्राहक गाणे ऐकण्याआधी तबकडी दिव्याखाली तिरकी धरतो. गाणे संपते तिथपासून लेबलच्या कडेपर्यंत एक गुळगुळीत पट्टा असतो. त्यात छपाईच्या साच्याचा क्रमांक कोरलेला किंवा ठशाने उमटवलेला असतो. मूळ प्रतीत तो ठशाचा असेल आणि समोरच्या प्रतीत हाताने खरवडलेला असेल, तर व्यवहार तिथेच थांबतो. त्याच पट्ट्यात कधी छापखान्याची खूण सापडते. लॉस एंजेलिसच्या मोनार्क छापखान्याच्या तबकड्यांवर लहानसा त्रिकोण आणि एक आकडा असतो. लेबलवरची अक्षरे किंचित फुगीर किंवा अस्पष्ट असतील, तर ती दुसऱ्या लेबलचे छायाचित्र घेऊन छापली असावीत असा संशय येतो.

मग पदार्थ. त्या काळच्या कित्येक अमेरिकन छोट्या तबकड्या व्हिनाइलऐवजी स्टायरीन या स्वस्त, ठिसूळ प्लॅस्टिकच्या असत. टिचकी मारली तर व्हिनाइलचा आवाज बद्द येतो, स्टायरीनचा कोरडा आणि टणक. स्टायरीन सुईने लवकर झिजते, आणि रेडिओवरच्या माणसाने गाणे नेमक्या जागी लावण्यासाठी तबकडी पुढेमागे फिरवली असेल, तर सुरुवातीच्या काही फेऱ्यांत कायमची खरखर बसते. एखाद्या डेमोची पहिली पाच सेकंदे फुसफुसत असली आणि पुढचे गाणे स्वच्छ असले, तर ती तबकडी कधीतरी खरोखरच एखाद्या केंद्रावर वाजली होती, एवढे तरी कळते.

हे सगळे ज्ञान पूर्वी पुस्तकात नव्हते. नाचघराच्या कडेला विक्रेते पेट्या मांडून बसत, मुले हातातल्या विजेरीच्या उजेडात एकेक तबकडी उपसत, आणि चुका करत करतच शहाणी होत.

गाणे फोनवर फुकट असताना हा खटाटोप कशाला?

ही शंका रास्त आहे. वर उल्लेख केलेले प्रत्येक गाणे आज काही क्षणांत ऐकता येते, आणि सुधारलेल्या ध्वनीत ऐकता येते. तरीही चोखंदळ क्लबांत अलिखित नियम आहे: वाजवायची ती मूळ छपाईच. याला दोन कारणे दिली जातात. पहिले ध्वनीचे. त्या तबकड्या ज्यूकबॉक्स (नाणे टाकून गाणे वाजवायचे यंत्र) आणि गाडीतल्या रेडिओवर उठून दिसाव्यात म्हणून चढ्या आवाजात कोरल्या जात, आणि मोठ्या सभागृहात त्यांचा दणका वेगळा लागतो असे जाणकार सांगतात. मला हे कारण अर्धेच पटते; चांगल्या पुनर्मुद्रणाने तो फरक पुष्कळ भरून निघतो.

दुसरे कारण अधिक प्रामाणिक वाटते. मूळ तबकडी वाजवायची अट असेल, तर डीजेला त्या जागी उभे राहण्यासाठी वर्षानुवर्षांचा शोध, पैसा किंवा दोन्ही खर्चावे लागतात. कोणीही उठून हजार गाण्यांची यादी घेऊन आला, तर ती जागा कमावण्याला अर्थ राहत नाही. यात कष्टाचा मान आहे, तसाच बाहेरच्याला दाराशी थोपवण्याचा भागही आहे. आज वीस वर्षांच्या मुलीला या संगीताचे वेड लागले, तर हजार पौंडांची तबकडी ती कोठून आणणार? त्यामुळे काही क्लबांनी अट सैल केली आहे आणि काहींनी ती अधिकच कवटाळली आहे. गिरणी कामगाराच्या आठवड्याच्या पगारात बसणाऱ्या छंदाने आज अशा किमतींपाशी यावे, ही या चळवळीची सर्वात अवघड जागा आहे.

मूळ गायकांच्या पदरात काय पडले?

तबकडी लिलावात विकली गेली, तर गायकाला त्यातले काहीच मिळत नाही. तो दोन संग्राहकांमधला व्यवहार असतो. बूटलेगमधून तर मिळण्याचा प्रश्नच नव्हता. गोऱ्या इंग्रज मुलांनी काळ्या अमेरिकनांच्या कष्टांवर चैन केली, असा जो आरोप होतो, त्यात या मर्यादेपुरते तथ्य आहे. गायक सारेच कृष्णवर्णीय होते असे मात्र नाही. वर उल्लेखलेले टेलर कॅनडाचे गोरे गायक होते. नाचणाऱ्यांनी गाण्याची जात ठेक्यावरून ठरवली.

उलट बाजूही आहे. शिकागोचे मेजर लान्स अमेरिकेत विस्मरणात जात असताना १९७२ च्या डिसेंबरात टनस्टॉलच्या 'टॉर्च'मध्ये गायले, आणि त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण पुढे अल्बम म्हणून निघाले. डेट्रॉइटमध्ये कारकीर्द घडवलेले एडविन स्टार पुढे इंग्लंडमध्येच स्थायिक झाले आणि २००३ मध्ये नॉटिंगहॅमजवळ वारले. ग्लोरिया जोन्स यांचे १९६५ मधील 'टेंटेड लव्ह' अमेरिकेत तबकडीच्या मागल्या बाजूवर पडून राहिले होते. सर्लिंग यांनी ते अमेरिकेच्या वारीत उचलले, उत्तरेच्या क्लबांनी जगवले, आणि 'सॉफ्ट सेल' या जोडगोळीने १९८१ मध्ये केलेली त्याची आवृत्ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. इंग्लंडच्या नाचघरांनी ते उचलून धरले नसते, तर हे गाणे जगाला कधी कळले असते असे वाटत नाही.

फ्रँक विल्सन यांचे म्हणाल, तर ते दुर्लक्षित कलावंत वगैरे नव्हते. ते मोटाउनमध्ये निर्माते म्हणून रमले, आणि एडी केंड्रिक्स यांचे १९७३ मध्ये अमेरिकेत अव्वल ठरलेले 'कीप ऑन ट्रकिन' हे त्यांच्या निर्मितींपैकी एक. पुढे ते धर्मोपदेशक झाले आणि २०१२ मध्ये निवर्तले. आपण स्वतः गायलेले, गुंडाळून ठेवलेले गाणे विगनमध्ये हजारो मुले पाठ म्हणतात, हे त्यांना हयातीत कळले. सगळ्यांना एवढेही भाग्य लाभले नाही.

आता पुढे

विगन कसिनोचा शेवटचा ऑल-नायटर १९८१ च्या डिसेंबरात झाला. प्रथेप्रमाणे शेवटची तीन ठरलेली गाणी वाजली, तरी लोक जाईनात, तेव्हा डीजेने आणखी एक लावले: 'डू आय लव्ह यू'. इमारत पुढे आगीत सापडली आणि पाडली गेली. त्या जागी आता मॉल आहे. संगीत मात्र छोट्या सभागृहांत आणि समुद्रकाठच्या सुटीच्या शिबिरांत चालू राहिले. २०२३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉम्स या प्रामुख्याने पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या महोत्सवात, पूर्ण वाद्यवृंदासह नॉर्दर्न सोलचा कार्यक्रम झाला. ज्यांच्या पिशव्या एकेकाळी पोलीस तपासत, ती पिढी आता तिकीट काढून खुर्चीत बसली होती.

ही पिढी सत्तरीकडे झुकली आहे, आणि संग्रह विक्रीला येऊ लागले आहेत. भाव कोसळतील का? मधल्या दर्जाच्या तबकड्यांबाबत ती शक्यता मला दिसते, कारण एकाच वेळी अनेक पेट्या बाजारात येतील आणि घेणारे तितके नसतील. अगदी शिखरावरच्या पाच-पन्नास नगांचे तसे होणार नाही. ते आता नाचणाऱ्यांचे उरलेले नाहीत, गुंतवणूकदारांचे झाले आहेत.

संगीताचा साठाही अनपेक्षित बाजूने थोडा वाढला. ऐंशीच्या दशकापासून लंडनच्या 'केंट' लेबलने अमेरिकन कंपन्यांच्या कपाटांतून साठच्या दशकातील ध्वनिफिती बाहेर काढल्या, आणि त्यांत कधीच न छापलेली गाणी निघाली. मेल्बा मूर यांचे 'मॅजिक टच' हे त्यांपैकी गाजलेले. अशा गाण्याची 'मूळ' तबकडी मुळात अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे अस्सलपणाचा नियम तिथे लंगडा पडला आणि नाचणाऱ्यांनी बिनतक्रार ती स्वीकारली. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील '१०० क्लब'मध्ये तर वर्धापनदिनाच्या ऑल-नायटरला येणाऱ्यांना अशा गाण्यांची खास छापलेली तबकडी भेट देण्याची प्रथा पडली. प्रती थोड्या, त्या रात्री हजर असणाऱ्यांपुरत्या. आता त्याही संग्राहकांच्या याद्यांत चढ्या भावाने दिसतात.